बैलाले कोणी इचारलं होतं?

आसेगावात कोणाचा गोऱ्हा तीन वर्षांचा झाला आणि अंगावर धावून यायला लागला, की लोक रामकिसनच्या दारी यायचे. गोऱ्ह्याला खच्ची केल्याशिवाय तो औताला बैल म्हणून उभा राहत नाही, आणि त्या कामाला रामकिसनचाच हात पाहिजे. चाळीस वर्षं त्याने ते केलं. दोरखंडाने जनावर आडवं पाडायचा, वर दोन गडी बसवायचा, आणि दोन दांडक्यांत नस धरून अशी ठेचायचा की रक्ताचा थेंब दिसू नये. सोमवारी मात्र हात लावायचा नाही. तो महादेवाचा वार, नंदीचा वार. पुढे त्या कामाला सरकारी दवाखान्याचा चिमटा आला, तरी जुनी माणसं म्हणत, "रामकिसनच्या हातचा बैल पंधरा वर्षं वखर ओढते."

प्रयागबाई त्याची बायको. अंगणात ते काम निघालं की ती आतल्या खोलीत देवापुढे जाऊन बसायची. जनावराचा हंबरडा तिला ऐकवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात रामकिसनला लघवीला जळजळ व्हायला लागली. थांबून थांबून व्हायची. सगळे म्हणाले, उन्हाळी लागली. प्रयागबाईने धने-जिरे भिजवून पाणी दिलं, सब्जा दिला, ताक दिलं. पावसाळा सरला तरी उन्हाळी काही जाईना. कंबर धरली तेव्हा तोच म्हणाला, "वावरात दिवसभर डवऱ्यामागं चाललो म्हनून असन." दिवाळीनंतर एक दिवस लघवी पार बंद पडली, पोट फुगून टणक झालं. लेकाने, विकासने, जीप करून वाशिमला नेलं. तिथे नळी घातली आणि अकोल्याला पाठवलं. अकोल्यात रक्त तपासलं, गाठीचा तुकडा काढला, हाडांचे फोटो काढले.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी तिघांनाही समोर बसवलं.

"काका, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मणक्यात उतरलाय. पूर्ण निघणार नाही, पण दाबून ठेवता येतो. पुरुषाच्या अंगात जो हार्मोन असतो ना, तो याचा खुराक. तो बंद करायचा."

"कसा?" विकासने विचारलं.

"दोन रस्ते आहेत. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, जन्मभर, एकही चुकवायचं नाही. नाहीतर एक लहान ऑपरेशन, दोन्ही अंडकोष काढण्याचं. गोळ्या दोन्हीकडे लागतीलच. लांबून पाहिलं तर फायदा सारखाच. पण ऑपरेशनचा गुण लगेच येतो, आणि तुमच्या मणक्याला उशीर परवडणारा नाही. पायांतली ताकद गेली तर परत येईल याची खात्री नाही."

रामकिसन खुर्चीवरून उठला आणि बाहेर गेला. प्रयागबाईला कॅन्सर हा शब्द कळला होता, पाय हा शब्द कळला होता. नवरा का उठला, हे तर तिला सगळ्यांत आधी कळलं.

घरी आल्यावर आठ दिवस तो त्या विषयावर बोलला नाही. विकास म्हणायचा, "बाबा, हो म्हना नाहीतर नाही म्हना, पन काही तं म्हना." सून रूपाली डोक्यावरचा पदर ओढून स्वयंपाकघरात निघून जायची. सासऱ्याच्या पुढ्यात असली गोष्ट कशी ऐकणार! रोज सकाळी प्रयागबाई चूल पेटवायच्या आधी त्याच्या खाटेकडे पाहत उभी राहायची. दोन्ही पाय खाली आले, टेकले, तो उभा राहिला, की ती श्वास सोडायची. तेवढ्यापुरतं भागायचं. मग दिवसभर तो पाण्याला उठला तरी तिचा जीव त्याच्या पावलांत.

मनात दुसरीही भीती होती. त्या मुक्या जिवांचे तळतळाट तर नाही लागले? सोमवारी देवळात पिंडीवर पाणी घालताना तिने विचारलंच, "देवा, तुझ्या नंदीचं पाप आमच्या माथी मारतं का?" पाणी खाली ओघळत राहिलं. मग तिचं तिलाच वाटलं, महादेव असा सूड घेत नसतो. घरी येईपर्यंत भीती पुन्हा तिथेच.

नवव्या दिवशी दौलतराव आला, शेजारचाच माणूस, थट्टेखोर. त्याला काही माहीत नव्हतं.

"रामकिसनभाऊ, माहा गोऱ्हा लय माजला. उद्या पाडू का त्याले?"

"मी सोडलं ते. चिमटावाल्याले बोलाव."

"काहून? हात थंडावले का तुमचे?" दौलतराव हसला. "वहिनी, यायले काय खाऊ घालून राह्यल्या? मानूसच नरम करून टाकला तुमी!"

रामकिसनचा चेहरा काळा पडला. तो ओट्यावरून उतरला आणि तरातरा गोठ्याकडे निघाला. दौलतराव गडबडला, "गंमत केली बाप्पा," म्हणत निघून गेला.

प्रयागबाई मात्र अंगणाकडे पाहत राहिली. मधोमध रामकिसनची डाव्या पायाची चप्पल पडली होती. तो एक पाय अनवाणी घेऊन काट्याकुट्यातून गोठ्यात पोचला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

तिने चप्पल उचलली. गोठ्यात तो दावणीला टेकून उभा होता.

"अवो, तुमची चप्पल."

त्याने खाली पाहिलं. तळव्यात बाभळीचा काटा मोडून रक्त आलं होतं. बराच वेळ तो त्या पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखा पाहत राहिला.

"मले समजलंच नाही," तो म्हणाला.

प्रयागबाई खाली बसली, काटा काढू लागली. त्याने पाय मागे घेतला नाही, हूं केलं नाही. तिला रडू फुटलं.

"किती जनावरं तुमच्या हाताखालून गेली. त्यातलं एक तरी मेलं का? सारी चालली वावरात, धा-धा, पंधरा-पंधरा वर्षं."

"बैलाले कोणी इचारलं होतं?" तो ओरडला. "त्याले पाडलं, ठेचलं, जुपलं! मी त्याच्या डोयात पाह्यलं हाय, प्रयागे. तू कान झाकून घरात बसत होती."

खरंच होतं ते. मग पदराने तळवा पुसत हळूच म्हणाली,

"तुमाले तं इचारून राह्यले ना. आठ दिवस झाले, सारे इचारूनच राह्यले. नाही म्हना, मी नाही पाडनार तुमाले. पन काही म्हना तरी."

तो तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसला. बैल कडबा खात होता. त्याच्याकडे पाहत रामकिसन म्हणाला,

"गावात समजलं तं?"

"मी नाही सांगनार. सून तं तोंडच उघडत नाही."

"अन् तुले?"

"मले काय?" प्रयागबाई म्हणाली. "मले तुमी चालते पाह्यजे."

त्याच दिवशी दुपारी विकासने जीप आणली. अकोल्यात डॉक्टरांनी संमतीचा कागद वाचून दाखवला, आणि रामकिसनने कोणाकडेही न पाहता सांगितलं, "इंजेक्शन नको. काढून टाका." पायाचं ऐकल्यावर डॉक्टर थांबायला तयार नव्हते; संध्याकाळच्या आतच त्याला आत नेलं. प्रयागबाई बाहेर बाकावर नामस्मरण करत बसली. नाम मधेच तुटायचं, ती पुन्हा पहिल्यापासून धरायची.

त्याला बाहेर आणलं तेव्हा तो जागा होता, पण भुलीमुळे कमरेखाली सगळं बधिर. रात्रभरात उजवा पाय जागा झाला. सकाळी सिस्टर आली, पांघरूण वर केलं आणि डाव्या तळव्यावरून पेनाचं टोक ओढलं.

"काका, कळतंय?"

रामकिसनने मान हलवली. नाही.

सिस्टर म्हणाली, "भूल आतापर्यंत उतरायला पाहिजे होती. डॉक्टर आले की पाहतील. वेळ लागतो कधीकधी." ती पुढच्या खाटेकडे गेली.

प्रयागबाई पायथ्याशी बसली. तिने डावा अंगठा चिमटीत धरला, जोरात दाबला आणि विचारलं, "आता?"

"नाही."

तिने पुन्हा दाबला.