शेंडेनक्षत्र जाईपर्यंत

त्या वर्षी निपाणीत उंदीर पडायला लागले तसं गाव रिकामं झालं. घरात उंदीर मरून पडला की चूल उचलायची आणि रानात जाऊन राहायचं, हे तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आम्हीही आमच्या तंबाखूच्या रानाकडेला कडब्याची झोपडी घातली. आप्पा, आई, आक्का आणि मी. माझी शाळा बेळगावात, कॅम्पातली, इंग्रजी. आत्याकडं राहून शिकत होते. प्लेगनं तीही बंद झाली म्हणून मी घरी आले, आणि घर म्हणजे ती झोपडी.

आक्का माझ्या आधी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला. नाव ठेवायचं राहून गेलं, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलताना काय म्हणावं ते आम्हाला कळत नसे. आई "ते" म्हणायची. आक्का काहीच म्हणत नसे. तिला आता फक्त सदलग्याला, सासरी परत जायचं होतं.

आमच्यात लग्न झालेली मुलगी आपल्या पायांनी सासरी जात नाही. सासरहून दीर नाहीतर घरचं कुणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मूळ येणं म्हणतात. मुळाशिवाय गेलेल्या सुनेला उंबऱ्यातून परत लावलं तरी सासूला कुणी बोल लावत नाही. आक्काचे बाळंतिणीचे दिवस केव्हाच सरले होते आणि मूळ येत नव्हतं. शेवटी आप्पा स्वतः सदलग्याला जाऊन आले.

ते परतले तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. आम्ही जैन, जेवणं उजेडातच उरकलेली. आप्पा बांधावर बसले. पायांवरची धूळ बराच वेळ झटकत राहिले. मग पश्चिमेकडं बोट करून म्हणाले, "ते शेंडेनक्षत्र हाय तवर सुनंला वेस वलांडू देणार न्हाईत. उपाध्यांनीच सांगितलंय त्यास्नी. ते गेलं की धाडत्यात मूळ."

आम्ही तिकडं पाहिलं. आभाळ अजून तांबूस होतं आणि शुक्राच्या बाजूला ते उभं होतं. शेपूट वर गेलेली, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या शाळूच्या ताटासारखी. दोन-तीन संध्याकाळी आम्ही ते बघतच होतो. शेजारच्या झोपडीतली म्हातारी त्याच्याकडं पाठ करून बसायची. प्लेग त्यानंच आणला असं तिचं म्हणणं.

"अवो, उंदरं त्येच्या आधी मेली की," आप्पा तिला म्हणाले होते.

"लांबनं येतंय न्हवं ते," म्हातारी म्हणाली, "आधी सांगावा धाडला असंल."

शाळेत मडमनं फळ्यावर धूमकेतू काढून दाखवला होता आणि उन्हाळ्यात एक येणार आहे असं सांगितलं होतं. हा तो नव्हता. तो पुढं मी पाहिला, पहाटेचा, एकटीनं. हा मात्र कुणाला न सांगता आला होता. हे मी घरात बोलले नाही. विचारल्याशिवाय बोलायची मला सवयच नव्हती. पण आक्कानं विचारलं.

"तुझ्या मडमला ठावं असंल. कवा जाईल गं हे?"

"सूर्यापासून लांब गेलं की फिकं होत जाईल."

"म्हंजे कवा?"

"लवकर," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

मग ते तिचं रोजचं काम झालं. भांडी घासली की ती झोपडीच्या मागं जायची, हात लांब करून वीत धरायची आणि शेपूट मापायची. "आज बोटभर कमी हाय," असं मला येऊन सांगायची. मग एका संध्याकाळी त्या नक्षत्राचं डोकं फिकं झालेलं आणि शेपूट मात्र आधीपेक्षा लांब दिसली. तेव्हा आक्कानं त्याला शिवी दिली, विहिरीवर भांडताना बायका देतात तसली, आणि आईनं ऐकलं की काय म्हणून मागं वळून बघितलं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. बाळ गेल्यापासून मी तिला तेवढंच हसताना पाहिलं.

रानातले सगळेच ते जावं म्हणत, पण भीतीनं. आक्काला त्याची भीती नव्हती. ते तिच्या वाटेत उभं होतं, इतकंच.

आप्पांचं एक मी पाहत होते. आम्ही तिघी पश्चिमेकडं बघायचो तेव्हा ते आक्काकडं बघायचे. ती "कमी झालं" म्हणाली की उठून बैलांकडं जायचे, आणि पाणी पाजलेल्या बैलांना पुन्हा पाणी दाखवायचे. मला वाटलं, प्लेगची काळजी असेल.

मग एका संध्याकाळी ते दिसलं नाही. दुसऱ्याही दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि ते नव्हतं. आक्कानं लुगडी धुऊन घड्या घातल्या. आईनं सासरी द्यायला शेंगांचे लाडू केले. आप्पा लाडवांकडं बघून म्हणाले, "एवढी घाई कशाला." आईला ते लागलं. "मूळ दारात आल्यावर शेंगा भाजायच्या व्हय?" ती म्हणाली.

गाडी ऊन कलताना आली. सदलग्याची, बैल आक्कानं लांबूनच ओळखले. ती आत पळाली आणि केस विंचरून, कुंकू नीट करून बाहेर आली. गाडीत दीर नव्हता. त्यांचा जुना गडी होता, एकटाच, आणि मागं गोणपाट झाकलेलं काहीतरी. त्यानं गोणपाट काढलं. आक्काची लग्नातली भांडी होती. हंडा, कळशी, परात, पातेली, आणि तिची पेटी.

गडी कुणाच्या तोंडाकडं न बघता उतरवू लागला.

"हे काय?" आई म्हणाली. "आणि मूळ?"

"कसलं मूळ, वैनी?" गडी म्हणाला. "पोरगी नांदवायची न्हाय म्हणून मालकांनी आप्पांस्नी तोंडावर सांगितलंय की, मागंच. दुसरं ठरलंय. फाल्गुनात लगीन हाय."

"आणि ते शेंडेनक्षत्र?" आईनं विचारलं.

"त्येचं काय?" गडी म्हणाला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

आप्पा बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत उभे होते. "वाटलं हुतं," ते म्हणाले, "ते जाईस्तवर त्यांचं मन फिरंल. बाजाराला म्हणून गेलतो ना, ते तिकडंच गेलतो. दोन खेपा. पाया पडलो."

आक्का आप्पांच्या जवळ गेली आणि अगदी हळू म्हणाली, "मला तवाच सांगायचं हुतं की, आप्पा. मी त्याला उगंच शिव्या घातल्या."

आप्पांनी डोक्याचा रुमाल काढला आणि तोंडावर धरला. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडं बघितलं.

गाडी गेली. भांडी तशीच मातीत पडली होती, प्रत्येकावर आप्पांचं नाव घातलेलं. आक्का एकेक उचलून आत न्यायला लागली. मी परातीला हात घातला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझी मी न्हेते." हंडा जड होता. तो तिनं कडेवर घेतला, आणि झोपडीचं दार बुटकं म्हणून त्याच्यावर हात धरून, वाकून आत गेली.