जुनं बाहेर काढा

त्याला सगळे करवतमामा म्हणत. सुतारकामात हात देखणा, पण जीभ जाताना कापायची आणि येताना पुन्हा कापायची. सध्या ती घरातच चालू होती. जावयाचं बुटांचं दुकान बुडालं तेव्हापासून लेक आणि जावई मामाच्या दीड खोलीत मुक्कामाला होते. जावई दिवसभर मामाच्या खुर्चीत बसे आणि रात्री मामाच्या कानाशी घोरे.

"जावईबापू, त्या खुर्चीलाही पाय आहेत. तुमच्याआधी तीच कामाला जाईल."

"जाऊ दे की मामा. तसंही तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त कुरकुरता."

"बाबा, पुरे!" लेक म्हणे. ती दोघांवरही सारखीच वैतागलेली असे.

अशात मागच्या रस्त्यावरचा न्यायाधीशांचा बंगला दुरुस्तीला निघाला. वर्षानुवर्षं तिथे फक्त कबुतरं नांदत होती. आता आत परवडणारी छोटी घरं होणार होती आणि सोडतीत लेकीला तळमजल्यावरचं एक लागलंही. मामाने तिथलं सुतारकाम अंगावर घेतलं ते एकाच ध्यासाने. घर लवकर उभं राहावं आणि जावई एकदाचा आडवा व्हायला तिकडे जावा.

त्या घाईत तो गवंड्यावर भुंकला, रंगाऱ्याशी भांडला, आणि इंजिनिअर बाईंचंही अर्धंच ऐकलं. जिन्याजवळ उभ्या राहून बाई म्हणाल्या होत्या, "मामा, या कठड्याचं जुनं सगळं बाहेर काढा." दोनदा विचारणं मामाच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळपर्यंत अख्खा कठडा उखडून अंगणात पडला.

"हे काय केलंत?" बाई किंचाळल्या.

"बाहेर काढा म्हणालात. हे काय, बाहेरच आहे."

"अहो, रंगाच्या थरांखालचं जुनं लाकूड बाहेर काढा म्हणाले मी!"

"मग रंग खरवडा म्हणायचं. तुमच्या मनात मी काय कंदील घेऊन शिरू?"

"जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याचे साहेब तपासणीला येतायत. कठडा होता तसा दिसला नाही तर काम बंद. कुणालाच घर मिळणार नाही!"

मामाच्या डोळ्यांपुढे जावई उभा राहिला. उभा कसला, पसरला. जन्मभरासाठी.

दुसऱ्या दिवशी मामा ढिगापाशी घाम गाळत बसला. कठड्याची एकेक दांडी कुणीतरी हाताने घडवलेली. कुठलीच दुसरीसारखी नाही आणि प्रत्येक जाणार फक्त आपल्याच खाचेत. दुपारी लेकीने दिलेला डबा घेऊन जावई आला.

"काय मामा, सरपण निवडताय?"

"डबा ठेवा आणि चालू लागा."

जावई हलला नाही. त्याने वाकून एक खाच न्याहाळली आणि ढिगातून एक दांडी उचलली. "ही बसेल."

"बसण्यातलं तुम्हालाच कळणार!"

दांडी खट्कन बसली. मामाने ती उपसून पुन्हा बसवून पाहिली. पुन्हा खट्.

"पाय बघून ढिगातून बूट काढायचो ना मी? नजर बसलीय," जावई म्हणाला. "ही घ्या. हिला मात्र जरा तासा, चावेल."

"मला तासायला शिकवू नका!" मामा ओरडला आणि तासू लागला.

साहेब आले, पुन्हा जागी बसलेल्या कठड्यावरून हात फिरवून "हं" म्हणाले आणि गेले. काही आठवड्यांनी लेकीला किल्ली मिळाली. सामान हलवताना सगळ्यात जड ट्रंक मामाने स्वतः उचलली, तीही हसत. नव्या घराच्या दारातच इंजिनिअर बाईंनी त्याला गाठलं.

"मामा, वरच्या मजल्याच्या खिडक्या कुणीतरी काढून एकत्र रचून ठेवल्यात, कुठली कुठे बसते कळत नाही. जावयांनाच लावलंय मी कामाला. उद्यापासून तुम्ही दोघं बरोबर."

मामाने ट्रंक खाली ठेवली. हसू गेलं.

"रात्री झोपायला तो इथेच असेल ना?"

"अहो, घर आहे त्यांचं!"

"मग हरकत नाही," मामा म्हणाला. "दिवसा बघतो मी त्याच्याकडे."