स्कॉटलंडला सांगितलेली गोष्ट

अमरावतीच्या ज्या संस्थेत मी नोकरी करते, तिथं माझं काम टेबलावरचं. अहवाल लिहायचे, फोटो निवडायचे, बाहेरचे पाहुणे आले की त्यांना वस्त्या दाखवायच्या. वस्तीत राहून काम करणाऱ्या बायका वेगळ्या. अकोल्याला आमच्या एक ताई होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, घरी सासू, एका शाळेत आयाची नोकरी. संस्था त्यांना थोडं मानधन द्यायची.

ताई शाळेत गेल्या की सासू दिवसभर घरात एकटी असायची, बोलणंही जवळजवळ सोडलेलं. शेजारच्या घरातली एक मुलगी दहावीला होती. त्या घरात एकच खोली, तिच्यातच टीव्ही आणि दोन लहान भावंडं. तिला वही उघडायला जागा नव्हती. ताईंनी तिला सांगितलं, "माह्या सासूपाशी जाऊन बसत जा. तुले अभ्यास होईल, तिले सोबत होईल." अट एकच होती. निघायच्या आधी म्हातारीला पेपर वाचून दाखवायचा. मुलगी पास झाली आणि म्हातारी पुन्हा बोलायला लागली. मग दुसरं घर, तिसरं घर असं करत दोन-तीन वर्षांत त्या वस्तीतल्या सतरा-अठरा म्हाताऱ्या माणसांकडे मुलं अभ्यासाला जाऊ लागली. इमारत नाही, बोर्ड नाही. संध्याकाळी ताई घरोघर फेरी मारून यायच्या, एवढीच व्यवस्था.

हे काम मी अहवालात लिहिलं आणि पुष्कळांना आवडलं. त्यातूनच परदेश दौऱ्याचं निघालं. वऱ्हाडातल्या पाच जणांनी तीन आठवडे स्कॉटलंडला जायचं, तिथल्या लोकांच्या घरी राहायचं, गावागावांतली सामाजिक कामं पाहायची आणि आपली सांगायची. पुढच्या वर्षी तिकडची माणसं आपल्याकडे येणार. आमच्या संस्थेला एक जागा मिळाली होती. दौऱ्याचे प्रमुख म्हणजे बँकेतले एक निवृत्त अधिकारी. त्यांनी मला विचारलं, "अकोल्याच्या त्या बाई येऊ शकतील का? भाषेचं आम्ही बघू."

मी म्हणाले, "त्यांना नाही जमायचं, सर. इंग्रजी अजिबात येत नाही, घरी सासू आहे, पासपोर्टही नाही."

ताईंना मी विचारलंच नव्हतं. पासपोर्ट तर माझ्याकडेही नव्हता.

माझं नाव पक्कं झाल्यावर मी अकोल्याला जाऊन त्यांना सांगितलं. त्या खूश झाल्या, निदान मला तसं वाटलं. म्हणाल्या, "मॅडम, एक काम करा. तिकडच्या म्हाताऱ्या दुपारी काय करतात, ते पाहून या."

समुद्रकाठचं लहानसं गाव होतं. मे महिना असूनही मी दोन स्वेटर घालून फिरत होते. आमच्यातले मोर्शीचे संत्रा बागायतदार रोज सकाळी आभाळाकडे बघून म्हणायचे, "याहीचा सूर्य सुट्टीवर गेला काय?" एका बंद पडलेल्या चर्चमध्ये निवृत्त माणसं लोकांच्या मोडक्या खुर्च्या, सायकली दुरुस्त करून द्यायची. एका ठिकाणी सगळ्यांची मिळून भाजीपाल्याची बाग होती. आणि दर बुधवारी एका हॉलमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी जेवण असायचं. ज्यांच्या घरी मी उतरले होते, त्या बाई तिथं सूप वाढायला जायच्या. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या.

अशाच एका बुधवारी जेवणानंतर मला बोलायला सांगितलं. मी सुरुवात नीट केली होती. आमच्या एक सहकारी आहेत, त्यांनी असं केलं, असंच म्हणाले. पण पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "म्हणजे हे तुम्ही सुरू केलंत?"

मी म्हणाले, "हो, आम्ही."

त्यानंतर 'आम्ही'चं 'मी' कधी झालं, ते मला खरंच सांगता येणार नाही. इंग्रजीत बोलताना ते सोपं पडत होतं, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक आजी जवळ आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या.

रात्री घरी जेवताना यजमान बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

इथं निमित्त सांगायला कोणी बहिरे आजोबा नव्हते. समोर एकच बाई होती आणि तिला खरं ऐकायचं होतं. मी म्हणाले, "माझ्या सासूबाई दिवसभर घरात एकट्या असायच्या."

माझ्या सासूबाई मोर्शीजवळ मोठ्या दिरांकडे राहतात. भरल्या घरात, संत्र्याच्या बागेत मजुरांवर ओरडत त्यांचा दिवस जातो. एकट्या त्या आयुष्यात कधी राहिल्या नसतील.

बाईंनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. आई एका दुपारी खुर्चीत बसल्या-बसल्याच गेली आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बाईंचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. हे त्यांनी फार कोणाला सांगितलेलं नव्हतं. माझ्यावर विश्वास बसला म्हणून सांगितलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तेव्हा खरं सांगून टाकता आलं असतं. त्याऐवजी मी त्यांना ताईंनी पाहून यायला सांगितलेलं विचारलं, की इथल्या बाकीच्या म्हाताऱ्या दुपारी काय करतात. त्या म्हणाल्या, "वाट बघतात. कशाची, ते त्यांनाही माहीत नसतं."

परत आल्यावर हे उत्तर मी ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आपल्यासारखंच आहे." मी बाकी काही सांगितलं नाही.

पावसाळा संपता संपता स्कॉटलंडहून पत्र आलं. त्यांच्या गावात तीन मुलं तीन घरी जायला लागली होती. सोबत त्यांच्या वार्तापत्रात छापून आलेला माझा फोटो होता. आमच्या साहेबांनी तो ऑफिसात फ्रेम करून लावला. मी लावू दिला.

जानेवारीत तिकडचे चौघे आले, त्यांत त्या बाईही होत्या. अमरावतीत सत्कार झाला, सेमाडोहला जंगल पाहून झालं. मग बाई म्हणाल्या, मला ती घरं बघायची आहेत. मी एकदा म्हणून पाहिलं की अकोला लांब पडेल. त्या म्हणाल्या, मी त्यासाठीच आले आहे.

वाटेत मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तेव्हाही माझं लक्ष नव्हतं. ताईंनी घर सारवल्यासारखं लख्ख केलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खाटेवर सासूबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या. एक मुलगी त्यांच्यासमोर पेपर घेऊन तयारच होती. बाईंनी म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. मग ताईंकडे वळून इंग्रजीत सावकाश बोलल्या, एकेक शब्द सुटा करून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, यांना सांगा.

त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला अशी सहकारी मिळाली, तुम्ही भाग्यवान आहात. स्वतःच्या सासूला एकटं बसलेलं पाहून हिला ही कल्पना सुचली. हिच्यामुळे आमच्या गावातही हे सुरू झालं."

मी ताईंना म्हणाले, "त्या म्हणतात, तुमचं काम फार चांगलं आहे. त्यांच्या गावातही आता सुरू झालंय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढंच म्हणल्या?"

"हो."

"बराच वेळ बोलल्या मंग."

त्यांनी सगळ्यांना चिवडा दिला, चहा दिला, बाईंच्या खांद्यावर शाल घातली. काहीही कमी केलं नाही. पाहुणे गाडीत जाऊन बसले, तेव्हा मी चपला घालायला मागे राहिले होते. ताई दाराशी उभ्या होत्या.

"मॅडम, सासू तर माही होती ना?"

मी वाकून चपलेचा पट्टा लावत राहिले.

"दहा वर्षं झाली शाळेत, पोरं रोज माह्यासमोर इंग्रजीचे धडे वाचून राहिले. मले बोलता नाही येत. समजते."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी "ताई, मी येते उद्या" असं काहीतरी पुटपुटले आणि गाडीत जाऊन बसले. बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हणाले, पुन्हा या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ताईंनी मानधन घेणं बंद केलं. ऑफिसला कळवलं की शाळेतून वेळ मिळत नाही. मुलांचं काम मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त आमच्या अहवालात ते येईनासं झालं. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, घरची अडचण असेल.

स्कॉटलंडच्या बाईंना मी सगळं लिहिलं, ते दीड वर्षानं. पत्र चार ओळींचं झालं, पण ती लिहायला मला फार दिवस लागले. त्यांचं उत्तर आलं. रागाचं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, हे आधी कळलं असतं तर त्या घरात मी वेगळं बोलले असते. पुढच्या दौऱ्यात ताईंनी यावं, भाषेची सोय आम्ही करू, असंही होतं.

ते पत्र घेऊन मी अकोल्याला गेले. ताईंनी आत बोलावलं, पाणी दिलं. मी आधी माफी मागितली. त्या वर्षी दौऱ्यासाठी पहिलं नाव त्यांचंच निघालं होतं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी पत्र मराठीत वाचून दाखवलं, या वेळी एकही शब्द न गाळता.

खाटेवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. पावसाळ्यात पडल्यापासून त्यांचं उठणं बंद झालं होतं. कूस बदलायलाही माणूस लागत होतं.

"आता कसं जाऊ मी?" ताई म्हणाल्या. "त्या वर्षी चालती-फिरती होती. दोन पोरीही रायल्या असत्या तिच्यापाशी. त्या वर्षी विचारलं असतं तर गेली असती मी."

"तुम्हाला जायचं होतं?"

"काहून नाही? मी समुद्र नाही पाहिला अजून."

त्यांनी पत्र घडी घालून मला परत दिलं. "याहीले लिहा, सासूची तब्येत बरी नाही. मी नाही म्हणली असं नका लिहू."

मग त्या उठल्या आणि सासूबाईंची कूस बदलायला लागल्या. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला. त्यांनी नको म्हटलं नाही.