टाकीतला गंज

शर्मिष्ठा पांढरीपांडे वडिलांसोबत रायपुरात, चौबे कॉलोनीत राहायची. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, नोकरी नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात. वडील अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला आणि उजव्या अंगासोबत वाचाही गेली. एकच शब्द उरला, "हव". तोसुद्धा घरातल्या वऱ्हाडीतला नाही, इथल्या छत्तीसगढी लोकांचा 'हो', ऑफिसात ऐकून ऐकून जिभेवर बसलेला. भूक लागली का? हव. दुखते का? हव.

व्यायामासाठी त्यांना सदर बाजाराच्या पलीकडे एका दवाखान्यात न्यावं लागे. ऑटो आली की ते डाव्या हातानं फाटक गच्च धरून ठेवत. निमूट बसत ते फक्त स्वतःच्या जुन्या अँबॅसडरमध्ये. ती कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. शर्मिष्ठानं नवी बॅटरी टाकली, गाडी सुरू झाली. पण सदर बाजारात, ऐन गर्दीत, आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. कुणी तरी ओरडलं, "मॅडम, म्यूज़ियम में रखो इसको!" अनंतराव समोर बघत बसून राहिले. थोड्या वेळानं किल्ली फिरवली, तर गाडी काहीच न झाल्यासारखी चालू.

पुढं हे दर दोन-तीन फेऱ्यांनी होऊ लागलं. पुण्याहून धाकटा भाऊ अभिनव फोनवर म्हणाला, "ताई, काहून जीव काढून राहिली त्या डबड्यासाठी? विकून टाक."

"मग तू ये अन् ने बाबाले."

त्यानं मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

या गाडीचा प्रत्येक स्क्रू अनंतरावांनी स्वतः खोललेला होता. तिनं त्यांनाच विचारलं, "बाबा, कॉइल गरम होऊन बंद पडून राहिली का?"

"हव," ते ठामपणे म्हणाले.

तिला केवढा आनंद झाला! जवळच्या गॅरेजातल्या नरहरी मिस्त्रीकडून तिनं त्याच दिवशी इंजिनला ठिणगी देणारी ती कॉइल बदलून घेतली. चौथ्या फेरीला गाडी पुन्हा थांबली. घरी आल्यावर ती वडिलांसमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, मग पेट्रोल पोचत नसंन का?"

"हव."

"का कॉइलच आहे?"

"हव."

"बाबा, आपल्या घरी हत्ती आहे?"

"हव."

शर्मिष्ठा उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. इतके महिने ती या एका शब्दावर चालली होती. दुखतं म्हणाले म्हणून गोळी दिली, नको का विचारल्यावर हव म्हणाले म्हणून ताट उचललं. त्यातलं खरं किती, हे आता कुणाला विचारणार?

त्यानंतर तिनं विचारणं सोडलं आणि ती बघायला लागली. वडिलांच्या कपाळाकडं, बोटांकडं, आणि गाडीकडंही. एकदा गाडी थांबली तेव्हा नरहरी सोबत होता. त्यानं पेट्रोलची नळी काढून दाखवली, कोरडी. जरा वेळानं तिच्यातून पेट्रोल आपसूक वाहू लागलं. मग दोघांनी टाकीची नळी सोडवून इंजिनच्या पंपाला पेट्रोलची बाटली जोडली आणि कॉलोनीला चकरा मारल्या. बाटली संपेपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

"दीदी, टंकी में है बीमारी," नरहरी म्हणाला.

टाकी उतरवली तर तळाशी चहासारखं तांबडं पेट्रोल आणि गंजाचे पापुद्रे. उभ्या उभ्या टाकी आतून सडली होती. चालत्या गाडीत एखादा पापुद्रा ओढला जाऊन नळीच्या तोंडाशी चिकटायचा, गाडी थांबली की सुटून खाली बसायचा.

टाकी साफ झाली. रविवारी तिनं वडिलांना नवा रायपुरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर नेलं. गाडी सुरेख चालली. त्यांचा चेहरा उजळेल, डावा हात डॅशबोर्डवर थाप मारेल, असं तिला वाटत होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तोंडातून लाळ गळत होती, तिनं एका हातानं पुसली.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. तो 'हव'सुद्धा गेला. आता ते पलंगावरून उठणार नव्हते, दवाखानाही संपला. अभिनवनं बिलासपुरचं, जुन्या गाड्यांचं शौकीन एक गिऱ्हाईक शोधलं. तो आला, बॉनेट उघडून खुश झाला आणि त्यानं विचारलं, "रास्ते में बंद तो नहीं होती?"

"नहीं होती," शर्मिष्ठा म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर गेली. अंगणात तेलाचा काळा डाग आणि भोवती फिकट फरशी राहिली. आतून दिवसभराची बाई कमला हाक मारत होती, साहेबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. शर्मिष्ठा हात धुऊन आत गेली.