पाच जोड्या

आमच्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणायचे. मी गाढव म्हणायचे. आठवडाभर तो छापखान्यात कागद कापायचा आणि रविवारी गावाबाहेरच्या कड्यावर लोकांना चढायला शिकवायचा. शिवणयंत्रावर वाकून वाकून माझी पाठ धरली, तेव्हा पन्नाशीत मलाही ओढून घेऊन गेला.

पहिले चार रविवार नुसती गाठ. आधी दोराला एक गाठ मारायची, उरलेलं टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं आणि त्याच गाठीच्या वाटेनं परत फिरवून आणायचं. दोराच्या पाच जोड्या दिसल्या पाहिजेत. खाली दोर धरणाऱ्यानं त्या बोट लावून मोठ्यानं मोजायच्या. मी वैतागायचे. जन्म गेला माझा दोऱ्याला गाठी मारण्यात, आणि हा शेंबडा मला शिकवणार! पण ‘पाच’ ऐकल्याशिवाय तो कुणाचा पाय जमिनीवरून उचलू द्यायचा नाही.

त्याची स्वतःची गाठ मात्र कुणी मोजत नसे. मास्तरची गाठ कोण तपासणार?

त्या रविवारी मला दाखवायला तो आधी चढणार होता. दोर वरच्या कडीतून खाली माझ्या हातात. त्यानं टोक पट्ट्यातून ओवलं आणि तेवढ्यात मी आईच्या गुडघ्याचं काढलं. दर वेळी दवाखान्यात मीच का न्यायचं, तुला आई नाही का, असं बरंच बोलले. माझी जीभ म्हणजे सुटली की सुटली. तो म्हणाला, "नेतो गं बाई, उद्या मीच नेतो," आणि जाकीट खाली ओढून चढायला लागला. जाकिटाखाली गाठ अर्धीच होती. मी हात लावला नाही. लहानपणी ज्याच्या बुटाची नाडी रोज मी बांधायचे, त्याच्या गाठीला मी हात लावला नाही.

वर पोचून त्यानं दोर ताणून धरायला "घे ताई" म्हटलं आणि दोराच्या भरवशावर अंग मागे टाकलं. माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला.

घरी सगळ्यांनी आईला सांगितलं, दोर तुटला. ती रोज माझा हात कुरवाळायची आणि म्हणायची, दोरच दगा देतो तिथं तू काय करणार? महिनाभर ऐकलं. मग मला ते सोसेना.

"आई, दोर धड होता. मी गाठ बघितली नाही."

तिनं हात काढून घेतला. मग विचारलं, "का नाही बघितलीस?"

तुझ्या गुडघ्यावरून भांडत होते, हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं. एवढं ओझं तिला झेपलं नसतं.

"लक्ष नव्हतं," म्हटलं.

आता दवाखान्यात तिला मीच नेते. पायरी आली की मी हात पुढे करते. ती कठडा धरते.