एका दमाचं वाक्य

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा ती घरीच सायक्लोस्टाइल करायचे. मिठागरवाल्यांची सभा असो की एस.टी.च्या जादा फेरीची मागणी, स्टेन्सिल आमच्या पडवीत कापली जायची आणि शाई माझ्या फ्रॉकला लागायची. बाबांचा नियम एकच होता: वाक्य एका दमात संपलं पाहिजे. आमच्याकडे पत्रक एकट्यानं कुणी वाचत नाही. एक जण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणाऱ्याला धाप लागली की ऐकणारे उठून जातात.

पुढे ऐंशीच्या दशकात माझं पहिलं कथांचं पुस्तक निघालं आणि वसईच्या आमच्या वाचक मंडळानं ते चर्चेला घेतलं. चर्चा म्हणजे व्यासपीठावर दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर मुंबईहून आलेल्या एक ज्येष्ठ लेखिका. त्यांना सगळे बाई म्हणत.

मंडळाचे चिटणीस म्हणजे माझे शाळेतले मराठीचे सर. त्यांनी मला आधीच जिन्यात गाठलं.

"विहिरीची गोष्ट आज वाचू नकोस."

"का सर?"

"हॉल कुणाचा आहे ते तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. हॉलचे मालक टँकरवाले शेठ. त्यांचे टँकर आमच्याकडच्या वाड्यांतल्या विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी विकत. त्याच शेठनी मंडळाला हॉल फुकट दिला होता, पंखे आणि माइकसकट. त्याआधी मंडळ शाळेच्या व्हरांड्यात भरायचं, ते शाळेनं बंद केलं होतं.

"हॉल गेला की मंडळ गेलं," सर म्हणाले. "दुसरी कुठलीही गोष्ट वाच."

"पुस्तक तुम्हीच निवडलंत ना?"

"पुस्तक निवडलं. सगळी पानं नाही."

मी काही कबूल केलं नाही. वर गेले आणि खुर्चीवर बसले. शेठ पहिल्या रांगेत, पांढऱ्या सफारीत, पानाचा डबा मांडीवर. शेवटच्या रांगेत माझी आत्या, जिला पुस्तकातलं काही नको होतं, फक्त भाची माइकवर बघायची होती.

बाईंनी पहिल्याच वाक्यात वार केला. "तुझ्या कथा मला पत्रकासारख्या वाटतात."

"पत्रकात वाईट काय?"

"दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात."

"आणि भजी खाता खाता लोक ते वाचतात. तुमची कादंबरी कपाटात असते बाई, तिला तेलाचा डाग लागायची सोय नाही."

लोक हसले. बाईही हसल्या. "डाग नाही, पण वाळवी लागते गं. आता खरं सांगू? पत्रकासारखं लिहिलंस तिथे तू बरी लिहितेस. विहिरीच्या गोष्टीत तुला साहित्यिक व्हायचं होतं. वाच ते पहिलं पान, म्हणजे दाखवते."

सर कडेला उभे होते, ते पटकन पुढे आले. "वेळेअभावी ते पान राहू द्या बाई."

"वेळेअभावी? आत्ताच तर बसलो आपण."

सरांनी शेठकडे पाहिलं. तेव्हा शेठच म्हणाले, "वाचू द्या हो सर. कथाच आहे ना? कल्पित." आणि डबा उघडून पान लावायला बसले.

मी वाचू लागले. पहिलंच वाक्य चंद्रप्रकाशात सुरू होत होतं, धरित्रीच्या कुशीतून, आटलेल्या मायेतून वळसे घेत पुढे जात होतं. अर्ध्यावर माझा श्वास संपला.

"दम घे गो," आत्या मागून म्हणाली. हॉल खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं शेठ हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. माझ्या चंद्राआड ते आरामात बसले होते. ती जागा त्यांना मीच करून दिली होती. मी पुस्तक मिटलं.

"शेठ म्हणतात ही कल्पित आहे. मग कथा बाजूला ठेवते. आमच्या वाडीत विहीर आहे. माझ्या आजोबांनी खणली. रहाट गेला, पंप आला, तरी पाणी गोड होतं. मग शेजारच्या वाडीत टँकर भरायला लागले. दिवसा भरायचे, रात्रीही भरायचे. आता आमचं पाणी मचूळ आहे. चहा केला तर दूध फाटतं. आमची पानवेल जळली. टँकर या हॉलच्या मालकांचे आहेत. ते समोर बसले आहेत."

माना शेठकडे वळल्या.

"आमचंबी पानी तसंच झालंय," मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

शेठनी डबा बंद केला, उठले, आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. त्यांच्यामागून दोघं-तिघं गेले. बाकीचे बसून राहिले.

"हे पुस्तकात का नाही?" बाईंनी विचारलं.

"आता घालते."

"घाल. आणि तो चंद्र काढ."

"चंद्र काढते. पत्रकच होणार मग ते."

"होऊ दे. मी भांडायला परत येईन."

कार्यक्रम संपल्यावर सर जिन्यातून वर आले. पुढच्या महिन्यापासून हॉलला रंगकाम आहे, असं शेठनी त्यांना खाली सांगितलं होतं. हॉल नवाकोरा होता. सर खुर्च्या एकावर एक ठेवत होते. मी दुसरं टोक धरलं.

"तू बोललीस, तुझं झालं," ते शेवटी म्हणाले. "मंडळ कुठे बसवू मी?"

"आमच्या वाडीत. विहिरीपाशी."

"डास फोडून खातील."

"खाऊ देत."

"माइक नाही तिथे."

"त्याची सवय आहे आम्हाला."

सर नाही म्हणाले नाहीत. चारच दिवसांनी ते पडवीत आले. बाबांनी स्टेन्सिल आणि लेखणी माझ्यापुढे सरकवली. वाडीतल्या बैठकीची तारीख आणि वेळ सरांनी सांगितली. खालच्या ओळी मी माझ्या मनानं घातल्या आणि सरांनी त्यातलं एक अक्षरही खोडलं नाही:

"बसायला गोणपाट आणावे. पिण्याचे पाणी घरून आणावे. इथल्या विहिरीचे आता पिण्यासारखे राहिलेले नाही."