दीडशे अंकी संख्येतला दाग

आमच्या सुरतेतल्या मंडळाने दाजींचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा गणिताशी संबंध नसलेले सगळे एकमताने खूश होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये त्यांनी आयुष्यभर रंगवलेलं कापड तपासलं. निवृत्तीनंतर स्वतः पास केलेल्या लॉटचे नंबर एकापुढे एक लिहून त्यांनी दीडशेहून जास्त अंकांची एक संख्या बनवली. दोन वर्षं तिला भागून पाहिलं, कशानेच पूर्ण भाग जाईना. म्हणून ती मूळ संख्या, असं त्यांनी जाहीर केलं. मंडळाने शाल आणली, फ्लेक्स छापला आणि मी कॉलेजात गणित शिकवलेलं असल्यामुळे चार शब्द बोलायला मला सांगितलं.

बोलण्याआधी तपासून पाहिलं, एवढीच माझी चूक. संख्या मूळ असेल, तर दोनाचा तिच्याहून एकाने कमी असलेला घात घेऊन त्याला तिनेच भागल्यावर बाकी एक यायलाच हवी. लॅपटॉपने क्षणभरात उत्तर दिलं. बाकी एक नव्हती. म्हणजे संख्या संयुक्त होती. ती फुटते हे नक्की, पण कुठे फुटते ते मात्र ही कसोटी सांगत नाही. ते शोधायला किती काळ लागेल, हेही कुणी सांगू शकत नाही.

मी दाजींना सांगितलं. ते हसले.

"दाग दाखवा, प्रोफेसर."

"दाग दिसत नाही, दाजी. पण आहे."

"आमच्याकडे असं चालत नाही. दागाला खडूने गोल केल्याशिवाय कापडाचा ताका रिजेक्ट होत नसतो. मालक तसा रिजेक्ट करू देईल, मी देणार नाही."

तरी सत्कार त्यांनी स्वतःच थांबवला. अध्यक्षांना फार दुःख झालं. त्यांचं भाषण तयार होतं.

त्यानंतर दाजी कॉम्प्युटरसमोर बसले ते उठेनात. मशीनने नुसतं 'नाही' म्हटलेलं त्यांना पटत नसे. प्रत्येक भागाकाराची बाकी स्वतः वाचायची, शून्य नसेल तर वहीत खूण करायची, मग पुढचा भाजक. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्याला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भिंग घेऊन ते पडद्याला नाक लावून बसत.

एका सकाळी ताईचा फोन आला. "भाऊ, काल चहाचा कप त्यांनी टेबलाच्या बाहेर ठेवला. टेबल तिथंच आहे असं वाटलं म्हणे. तू येऊन सांग, तुझं चुकलं म्हणून."

"चुकलेलं नाही ना, ताई."

"मग तुझं बरोबर घेऊन बस. ते आंधळे होतील."

मी गेलो. दाजींनी मान वळवली, पण माझ्यापासून वीतभर बाजूला पाहिलं.

"दाजी, माझी गडबड झाली होती. परत तपासलं. तुमची संख्या मूळच आहे."

"बाकी किती आली?"

"एक."

ते म्हणाले, "मीही तुझी ती कसोटी लावून पाहिली. तू सांगितलंस त्याच आठवड्यात. एक नाही आली." आवाजात राग नव्हता, याची मला जास्त भीती वाटली. "फुटते हे मला ठाऊक आहे रे. पण हा माल मी पास केलाय. दाग मलाच दिसायला हवा."

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने थेंबांची बाटली आणली. दाजींनी मान मागे टाकली. तिने उजव्या डोळ्यात थेंब सोडले, आणि पाच मिनिटं तो मिटून ठेवा म्हणाली.

"तेवढी पाच मिनिटं तू बस," डोळा मिटूनच दाजी मला म्हणाले. "पडद्यावर बाकी येईल ती वाच. मोठ्याने वाच, आणि शून्य आलं तर लपवू नकोस."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि वाचायला लागलो.